१०-० वर सोडलेला एक गुण

नेटकॉर्ड (धागाकर्ता):

माझी भाची टेबल टेनिस खेळते, वय तेरा. गेल्या आठवड्यात एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत तिची गाठ अव्वल मानांकित मुलीशी पडली. पहिला गेम ११-१, पुढचे दोनही असेच, खेळ खलास. परतताना गाडीत चकार शब्द नाही. मला वाटलं, हरली म्हणून गप्प आहे, झोप झाली की निवळेल. रात्री उशिरा येऊन म्हणाली, "मामा, तो एक गुण माझा नव्हताच. दहा-शून्य झाल्यावर तिने सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात मारली."

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी: १०-० झालं की पुढे असणाऱ्याने एक गुण सोडायचा, समोरच्याला भोपळा घेऊन घरी पाठवायचं नाही, असा टेबल टेनिसमध्ये बरीच वर्षं अलिखित संकेत होता. मोठमोठे व्यावसायिक खेळाडू तो पाळत. अलीकडे तो मागे पडत चाललाय. म्हणजे त्या मुलीने तिच्या परीने सभ्यपणाच केला होता. आमच्या बाईसाहेबांना मात्र तो थपडेसारखा लागला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. खिलाडूवृत्तीचे सगळे धडे हरणाऱ्यासाठीच का असतात? हरलास तरी हात मिळव, रडू नकोस, रॅकेट आपटू नकोस. जिंकणाऱ्याने त्या दोन-पाच मिनिटांत कसं वागावं हे कुणी शिकवत नाही. माझं तर असं मत होत चाललंय की नीट हरण्यापेक्षा नीट जिंकणं अवघड. हरताना चुकलात तर लगेच चारजण कान धरतात. जिंकताना चुकलात तर टाळ्या वाजतच असतात, कळतही नाही.

मला आठवतो तो २००९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा शेवट. पाच सेट खेळून नदाल जिंकला. बक्षीस समारंभात फेडररला बोलताच येईना, हुंदके फुटले. मग नदालने करंडक घेतला, जल्लोष बाजूला ठेवून त्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि माइकवर त्याला सांगितलं की तू सर्वकाळच्या थोर खेळाडूंपैकी एक आहेस, सँप्रासच्या १४ विजेतेपदांच्या पुढे तू जाशीलच. कारकिर्दीतलं त्याचं हार्ड कोर्टवरचं ते पहिलं ग्रँडस्लॅम होतं. तो ते खुशाल मिरवू शकला असता.

तुमच्या आठवणीतले प्रसंग लिहा. शक्यतो पोटासाठी खेळणाऱ्यांचे, आपल्यासारख्या हौश्यांना हरणं परवडतं.

तिरकस:

फेडरर-नदाल आले, धागा सुफळ संपूर्ण. :)

आता माझा नेहमीचा बिब्बा. व्यावसायिक खेळात मोठेपणा हा नोकरीचा भाग झालाय. हरल्यावर पत्रकारांसमोर जाऊन बसणं सक्तीचं असतं. २०२१ च्या फ्रेंच ओपनमध्ये नाओमी ओसाकाने मानसिक स्वास्थ्याचं कारण देऊन पत्रकार परिषदा टाळल्या, तर १५,००० डॉलर दंड झाला आणि शेवटी तिने स्पर्धाच सोडली. म्हणजे रडायचं असेल तरी कॅमेऱ्यासमोर आणि आम्ही म्हणू तेव्हा. प्रायोजकांना हसरा चेहरा लागतो. त्याला आपण खिलाडूवृत्ती म्हणायचं?

गवतावरचा:

@तिरकस, सक्ती आहे हे खरं. पण सक्तीने हात पुढे येतो, हातात जे येतं ते सक्तीने येत नाही. टेनिसमध्ये नेटपाशी कोण कसं भेटतं ते बघा. काहीजण समोरच्याकडे न बघता बोटं टेकवून निघतात. नियम दोघांनाही तोच.

मला इथे याना नोवोत्ना लिहायचीच आहे. विम्बल्डन १९९३, समोर स्टेफी ग्राफ. तिसऱ्या सेटमध्ये नोवोत्ना ४-१ पुढे, स्वतःची सर्व्हिस, ४०-३०. एक गुण मिळाला की ५-१. तिथे डबल फॉल्ट (लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकल्या) झाला, आणि मग सगळंच घरंगळलं. ग्राफने सलग पाच गेम घेतले. बक्षीस देताना डचेस ऑफ केंट काहीतरी धीराचं बोलल्या आणि ही बाई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली.

त्या काळी बऱ्याच लोकांनी तिला "कच खाणारी" ठरवून टाकलं. चारचौघात रडणं म्हणजे खिलाडूपणा नाही, असंही म्हणणारे होते. १९९७ ला ती पुन्हा अंतिम सामन्यात हरली, मार्टिना हिंगिसकडून. १९९८ ला पुन्हा आली. २९ वर्षांची. आणि जिंकली. करंडक द्यायला त्याच डचेस.

रडणं आणि खिलाडूपणा यांचा काही संबंध नाही, एवढंच मला म्हणायचंय. नोवोत्ना रडली, पण पंचावर, नशिबावर, ग्राफवर काहीही ढकललं नाही.

उगाच_एक:

आणि सलग पाच गेम हरूनही रॅकेट शाबूत. मी कॅरममध्ये हरलो तरी पावडरीचा डबा उडतो.

चिवट_चिंगी:

मी बॅडमिंटन खेळायचे, फार वर नाही गेले, पण इतकं खेळले की हरल्यावर जाळ्याखालून हात मिळवताना समोरचीचा हात कोरडा आहे की घामाने गार पडलाय हे अजून आठवतं. नेटकॉर्ड, तुमच्या भाचीला काय वाटलं असेल ते मला पुरेपूर कळलं.

मला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा उपांत्य सामना आठवतो. कॅरोलिना मारिन विरुद्ध हे बिंगजियाओ. मारिनने पहिला गेम २१-१४ घेतला, दुसऱ्यात १०-६ पुढे होती आणि उतरताना गुडघा गेला. याआधी दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेली खेळाडू. तिने पट्टी बांधून उठून आणखी दोन रॅली खेळायचा प्रयत्न केला, मग कोसळली आणि कोर्टवर गुडघे टेकून रडत राहिली.

आता बिंगजियाओच्या जागी उभं राहून बघा. तुम्ही हरत होतात. अचानक तुम्ही ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत आहात. आनंद करायचा कसा, आणि दुःख करायचं तर ते खरं कोण मानणार? तिने हात वर केले नाहीत. मारिनपाशी गेली. अंतिम सामना ती आन से-यंगकडून हरली, आणि रौप्यपदक घ्यायला पोडियमवर गेली तेव्हा तिच्या बोटांत स्पेनच्या ऑलिंपिक समितीची छोटी पिन होती. पदकाच्या शेजारी धरलेली. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या करारात नव्हतं. @तिरकस, ह्याला तुमच्याकडे काय उत्तर आहे?

तिरकस:

नाही. पिनपुढे हात टेकले. पण मी एवढ्यात जात नाही.

कोपऱ्यातला_पंच:

मी आयुष्यभर छोट्यामोठ्या सामन्यांत पंचगिरी केली (मानधन सांगत नाही, हसाल). त्यामुळे माझा आवडता प्रसंग पंचाचाच. खेळ बेसबॉल, तो फारसा कळत नसला तरी चालेल.

२ जून २०१०. डेट्रॉईटचा पिचर (आपल्याकडचा गोलंदाजच म्हणा) अरमांडो गलाराग्गा. बेसबॉलमध्ये समोरच्या संघाचे सगळे २७ फलंदाज ओळीने बाद करायचे, एकालाही बेसवर पोहोचू द्यायचं नाही, याला परफेक्ट गेम म्हणतात. त्या दिवसापर्यंत मेजर लीगच्या अख्ख्या इतिहासात असे फक्त २० झाले होते. गलाराग्गाचे २६ बाद झाले. सत्ताविसावा धावला, चेंडू आधी पोहोचला, स्टेडियममधल्या प्रत्येकाला दिसलं की बाद आहे. आणि पहिल्या बेसवरचे पंच जिम जॉयस यांनी हात पसरले: नाबाद.

गलाराग्गाने काय केलं? हसला. उपरोधाने नव्हे, "अरेच्चा" म्हणताना माणूस हसतो तसं. परत गेला आणि पुढचा फलंदाज बाद केला. सामना संपल्यावर जॉयसनी रिप्ले पाहिला आणि सरळ कबूल केलं की मी त्या पोराचा परफेक्ट गेम हिरावला. स्वतः जाऊन त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्याच दोन संघांचा सामना होता आणि जॉयस होम प्लेटवर पंच. सुरुवातीला संघाची यादी पंचाच्या हातात द्यायची असते, ते काम सहसा प्रशिक्षकाचं. त्या दिवशी ती घेऊन गलाराग्गा आला. जॉयसना डोळे पुसायला लागले.

निकाल बदलला नाही. अधिकृत नोंदीत त्याच्या नावावर परफेक्ट गेम आजही नाही. मी माझ्या हयातीत किमान तीन सामने चुकीच्या निर्णयाने फिरवले असतील. त्यातल्या एकाला मी नंतर "चुकलो" म्हणून सांगितलं. बाकीच्या दोघांना नाही सांगितलं. हा धागा वाचून ते दोघे आठवले.

अर्धा_गुण:

पंचकाका, __/\__

बुद्धिबळाबद्दल कुणी लिहीना म्हणून मी. ह्या खेळात हरण्याची एक खास शिक्षा आहे: बहुतेक वेळा हरलो हे तुम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. शिट्टी नाही, शेवटचा चेंडू नाही. घड्याळ थांबवायचं, हात पुढे करायचा, सही करायची. आणि हे सगळं प्रतिस्पर्ध्यापासून हातभर अंतरावर.

डिसेंबर २०२४, सिंगापूर, गुकेश-डिंग लिरेनची चौदावी आणि शेवटची लढत. बरोबरीकडे चाललेल्या डावात डिंगने हत्ती चुकीच्या घरात नेला. गुकेशला ते दिसल्यावरचा त्याचा चेहरा पुष्कळांनी पाहिला असेल. पण मला भावलं ते पुढचं. डिंग उठून गेला, गुकेशला रडू आवरेना, तशात त्याने पटावरच्या सोंगट्या एकेक करून मूळ जागी लावल्या. १८ व्या वर्षी जगज्जेता झालेला मुलगा पट आवरतोय. पत्रकारांसमोर त्याने स्वतःच्या आधी डिंगबद्दल बोलून घेतलं, खऱ्या विजेत्यासारखा लढला म्हणून.

दुसरं टोक: जून २०२५, नॉर्वे चेस. कार्लसनने गुकेशविरुद्धची जिंकत आलेली लढत घालवली आणि टेबलावर अशी मूठ आपटली की सोंगट्या उडाल्या. लगेच गुकेशला सॉरीही म्हणाला, जाता जाता त्याच्या पाठीवर थापही मारली. सगळ्यांनी मुठीची चित्रफीत फिरवली, थापेची कमी. मला वाटतं दोन्ही एकाच माणसाचं वागणं आहे आणि दोन्ही खरं आहे. गुकेश त्या वेळी खुर्चीवरून उठून दूर जाऊन फेऱ्या मारत होता, मूठ वगैरे जणू घडलीच नाही. नंतर त्याने आजचा दिवस नशिबाचा होता असंच सांगितलं. समोरच्याचा तोल गेला की आपण तिकडे बघायचंच नाही, हे धीराचंच काम.

उगाच_एक:

कार्लसनचं टेबल चांगलं होतं. तुटलं नाही.

तिरकस:

बरं, आता मूळ मुद्द्याला हात घालतो. तुमच्या सगळ्या उदाहरणांत मोठेपणा फुकट आहे. खांद्यावर हात टाकायला काही जात नाही. जिथे किंमत मोजावी लागते तिथे काय?

गोल्फचा रायडर कप, १९६९. बत्तिसावा, म्हणजे अक्षरशः शेवटचा सामना, शेवटचं होल. अमेरिकेच्या जॅक निकलसने आपला पट (चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका) घातला. ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला दोन-तीन फुटांचा पट घालायचा होता. घातला तर अमेरिका-ब्रिटन १६-१६ बरोबरी, हुकला तर अमेरिका जिंकली. निकलसने त्याचा मार्कर (चेंडूच्या जागेची खूण) उचलून दिला, म्हणजे तो पट "दिला", न मारताच घातला असं धरलं. बरोबरी. सगळं जग आजही याचे गोडवे गातं, फ्लोरिडात ह्या दोघांनी मिळून बांधलेल्या गोल्फ कोर्सचं नावच 'कन्सेशन' आहे. पण अमेरिकेचा कर्णधार सॅम स्नीड भडकला होता, आणि मला त्याचं पटतं. पट एकट्या निकलसचा नव्हता, बारा जणांच्या संघाचा होता. संघाच्या खिशातून दानधर्म!

तसंच कोर्टनी वॉल्शचं. १९८७ चा विश्वचषक, लाहोर. पाकिस्तानची शेवटची जोडी, शेवटचा चेंडू. सलीम जाफर चेंडू पडायच्या आधीच क्रीझ सोडून पुढे गेलेला. वॉल्श थांबला, बेल्स उडवल्या नाहीत, परत धाव घेतली. पाकिस्तान एक गडी राखून जिंकलं आणि वेस्ट इंडीज पुढे उपांत्य फेरीत पोहोचलंच नाही. त्याच्या ड्रेसिंगरूममधल्या बाकी दहाजणांना कुणी विचारलं होतं का?

कोपऱ्यातला_पंच:

@तिरकस, हा प्रश्न मला पटला. १९८० चा मुंबईचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामनाही त्यात घाला. इंग्लंडचे पाच गडी स्वस्तात गेलेले, बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं, आणि कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने पंचांना सांगून त्याला परत बोलावलं कारण चेंडू बॅटला लागला नव्हता. टेलर आणि बोथमने १७१ ची भागी केली, इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं.

पण एक फरक आहे. विश्वनाथ चुकीचा निर्णय दुरुस्त करत होता, ते ऋण होतं. निकलसने जे दिलं ते दान होतं. वॉल्शचं मात्र मधलं आहे, नियम त्याच्या बाजूने होता आणि संकेत फलंदाजाच्या. आज तोच चेंडू कुणी टाकला तर बेल्स उडवणाऱ्याला नावं ठेवणारे निम्मेच उरलेत. संकेत असे हळूहळू सरकतात, जसा तुमच्या भाचीचा १०-० वाला.

सायकलवाला:

सायकल शर्यतीत हे रोजचंच. पुढारी पडला किंवा त्याची सायकल बिघडली तर हल्ला चढवायचा नाही, असा संकेत आहे, नियम नाही. टूर द फ्रान्स २०१०: अँडी श्लेकची साखळी उतरली, काँटादोर सुसाट निघून गेला आणि त्या टप्प्यात ३९ सेकंद मिळवले. संध्याकाळी टीका झाल्यावर माफी मागितली. टूर किती फरकाने जिंकला? बरोबर ३९ सेकंद. (पुढे उत्तेजक प्रकरणात ते विजेतेपद काढून श्लेकला दिलं, ती वेगळी कथा.)

आणि २०२२, अठरावा टप्पा. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण आघाडी, विंगगोर्डची, त्याच्यावर सतत हल्ले करणारा पोगाचार उतारावर खडीत घसरून पडला. विंगगोर्ड पुढे जाऊ शकत होता. वेग कमी करून मागे बघत राहिला. पोगाचार आला, मांडी खरचटलेली, आणि चालत्या सायकलींवरून दोघांनी हात मिळवले. त्यानंतरच्या चढावर विंगगोर्डने त्याला मिनिटभराने मागे टाकलं आणि टप्पा घेतला. हे दुसरं फार कमी लोक सांगतात. थांबला, आणि मग पार धुतलं. मला ह्यात काहीही विसंगत वाटत नाही.

पिटस्टॉप:

मी एक नकोसा विषय काढतो. फॉर्म्युला वनचा फेलिपे मासा.

२ नोव्हेंबर २००८, ब्राझीलमधलं इंटरलागोस, घरचं मैदान. मासाने शर्यत जिंकली, रेषा ओलांडली तेव्हा तो जगज्जेता होता. फेरारीच्या गॅरेजमध्ये घरचे लोक नाचत होते. मागे शेवटच्या वळणावर हॅमिल्टनने ग्लॉकला गाठून पाचवं स्थान घेतलं आणि एका गुणाने विजेतेपद गेलं. मासा पोडियमवर उभा राहिला, डोळ्यांत पाणी, छातीवर मूठ मारून आपल्या लोकांना अभिवादन केलं, हॅमिल्टनला अभिनंदन. त्यानंतर कित्येक वर्षं "हरावं कसं" याचं उदाहरण म्हणून तोच दाखवला जायचा.

आणि २०२४ मध्ये त्याने लंडनच्या न्यायालयात दावा ठोकला. कारण त्याच हंगामातल्या सिंगापूरच्या शर्यतीत रेनो संघाने आपल्या चालकाला मुद्दाम अपघात करायला लावला होता, हे पुढच्या वर्षी उघड झालेलं. त्या गोंधळात मासाची शर्यत वाया गेली, एकही गुण नाही. त्याचं म्हणणं, वरच्या लोकांना हे वेळेत कळलं होतं आणि त्यांनी काही केलं नाही.

झालं, लगेच लोक म्हणाले, बघा, शेवटी रडीचा डाव. मला हे फार खुपलं. पोडियमवर तो हॅमिल्टनशी हरला होता, तिथे त्याने सभ्यपणा दाखवला. दावा हॅमिल्टनच्या ड्रायव्हिंगवर नाही, कारभारावर आहे. एकदा शोभून हरलात म्हणून जन्मभर तोंड बंद ठेवायचं?

गवतावरचा:

पिटस्टॉप, तुमच्या मुद्द्याशी सहमत, तरी सोळा वर्षांनी करंडक मागणं मला झेपत नाही. ज्याच्या हातात तो आहे त्याने काही चूक केलेली नाही.

पिटस्टॉप:

झेपणार नाहीच. मलाही पूर्ण झेपत नाही. पण "न झेपणं" आणि "रडीचा डाव" यांत अंतर आहे.

चिवट_चिंगी:

यावरून २०१८ ची यूएस ओपन. सेरेना आणि पंचांचं वाजलं, गेम कापला गेला, प्रेक्षक खवळले. वीस वर्षांची ओसाका पहिलं ग्रँडस्लॅम सरळ दोन सेटमध्ये जिंकली आणि बक्षिसाच्या वेळी टोपीचा कंगोरा डोळ्यांवर ओढून रडत होती, कारण स्टेडियम हुर्यो करत होतं. तिने तर जिंकल्याबद्दल जवळजवळ माफीच मागितली. पंचांशी सेरेना जे वागली ते बरोबर की चूक यावर इथे हाणामारी नको, पण माइक हातात आल्यावर तिने लोकांना हुर्यो थांबवायला सांगितलं, आणि ओसाकाला तिचा क्षण मिळू द्या म्हणाली.

पुढच्या वर्षी त्याच कोर्टवर ओसाकाने १५ वर्षांच्या कोको गॉफला ६-३, ६-० हरवलं. गॉफ रडत निघाली होती, एकटी शॉवरखाली रडण्यापेक्षा माझ्याबरोबर माइकसमोर ये असं तिला समजावून ओसाकाने थांबवलं. आदल्या वर्षी त्याच जागी स्वतःवर काय गुदरलं होतं ते तिला आठवत असणारच. नेटकॉर्ड, तुम्ही विचारलंत ना, नीट जिंकायला कोण शिकवतं? मला वाटतं कधीतरी वाईट पद्धतीने जिंकावं लागलेलं असणं.

आणि लक्षात घ्या, तिने ६-० चा एक गेम सोडला नाही.

नेटकॉर्ड (धागाकर्ता):

चिंगीताई, शेवटची ओळ वाचून थांबलो. हे भाचीला वाचून दाखवणार.

उगाच_एक:

आता एक गंभीर प्रतिसाद देतो, सवय नाही, सांभाळून घ्या. केंडोत (जपानी तलवारबाजीत) गुण मिळाल्यावर उघड आनंद केलात तर पंच तो गुण काढून घेऊ शकतात. मूठ वळलीत, गुण गेला. सुमोतही जिंकणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा असतो. योकोझुना (सुमोतला सर्वोच्च दर्जा) आसाशोर्यूने २००९ मध्ये स्पर्धा जिंकून दोन्ही हात वर केले तर त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. बस्स. परत जातो माझ्या कॅरमकडे.

अर्धा_गुण:

चिंगीताईंच्या शेवटच्या ओळीवरून आठवलं. फुटबॉल विश्वचषक २०१४, जर्मनीने ब्राझीलला ७-१ हरवलं. मध्यंतराला ५-० होतं. सामन्यानंतर जर्मनीच्या हुमेल्सने सांगितलं की मध्यंतरात आम्ही ठरवलं, गांभीर्याने खेळत राहायचं, समोरच्यांची फजिती करायची नाही, करामती दाखवायच्या नाहीत. पण गोल करणं थांबवलं नाही, आणखी दोन झालेच. ते नुसता चेंडू इकडेतिकडे फिरवत बसले असते तर ते ब्राझीलला जास्त लागलं असतं. भाचीची तक्रार हीच आहे.

तिरकस:

ह्या धाग्यावर पहिल्यांदाच काहीही तिरकं सुचत नाहीये. समोरच्याशी पूर्ण ताकदीने खेळणं हाच त्याचा मान, हे मला मंजूर. पण मग निकलसला कोण सांगणार?

कोपऱ्यातला_पंच:

निकलसचं म्हणणं होतं की जॅकलिन तो पट घालणारच होता, पण हुकण्याची संधीसुद्धा मला त्याला द्यायची नव्हती. मी पंच म्हणून त्याला माफ केलंय.

धीराबद्दल कुणी विशेष लिहिलं नाही म्हणून एक. सगळ्या गोष्टी नोवोत्नासारख्या संपत नाहीत. इवान लेंडल पहिले चार ग्रँडस्लॅम अंतिम सामने हरला, मग जिंकला. अँडी मरेही पहिले चार हरला, मधेच लेंडललाच प्रशिक्षक केलं, मग जिंकला. हे ऐकून वाटतं, धीर धरला की मिळतंच. तर मग स्नूकरचा जिमी व्हाइट घ्या. जागतिक स्पर्धेचे सहा अंतिम सामने, १९८४ आणि पुढे १९९० ते १९९४ ओळीने पाच. सहाच्या सहा हरला. त्यातले चार स्टीफन हेंड्रीकडून. १९९२ ला १४-८ पुढे होता, तिथून १८-१४ हरला. १९९४ ला १७-१७, शेवटच्या फ्रेममध्ये तो पुढे, आणि सोपा काळा चेंडू हुकला. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. मुलाखतीत हेंड्रीबद्दल एवढंच म्हणाला की हा आता मला वैताग द्यायला लागलाय. लोक हसले, तोही हसला.

त्यानंतर तो कधी त्या अंतिम फेरीत पोहोचला नाही. पण साठी उलटली तरी व्यावसायिक सर्किटवर पोरांबरोबर खेळत होता, आणि ज्येष्ठांची जागतिक स्पर्धा चारदा जिंकला.

नेटकॉर्ड (धागाकर्ता):

उशिरा लिहितोय, काल पुन्हा स्पर्धा होती. धागा तिला वाचून दाखवला होता. ओसाका आवडली, सायकलवाले आवडले, गोल्फ कंटाळवाणं वाटलं (सॉरी तिरकस). जिमी व्हाइट ऐकून विचारलं, "सहावेळा? आणि तरी खेळतो?" मग बराच वेळ गप्प.

काल पहिल्या फेरीत एका नवख्या मुलीविरुद्ध तिचा दुसरा गेम १०-० झाला. मी बाकावर बसून घामाघूम. तिने रुमालाने हात पुसला, नीट सर्व्हिस केली. चेंडू टेबलाच्या कडेला लागून भलतीकडे उडाला. ११-०. हिने लगेच हात वर केला, कडेच्या चेंडूबद्दल सॉरी म्हणायचा असतो तसा.

दुसऱ्या फेरीत हरली, ११-९, ११-८, ११-९. गाडीत भरपूर बोलली. पहिल्या फेरीतल्या मुलीचं नाव विचारून आली होती, ती म्हणे बॅकहँडचा रबर वेगळा वापरते, तसाच हवाय. किंमत ऐकून आता मी गप्प आहे.